पुष्पवतीच्या खोऱ्यात : औषधिभूमीची पदयात्रा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना आली आहे, तीत औषधिभूमींमध्ये हिमालय श्रेष्ठ सांगितला आहे. हे वचन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. तथापि ज्या द्रव्यांच्या आधारावर आपली चिकित्सा आणि आपली औषधनिर्मिती उभी आहे, त्यांपैकी कित्येकांची जन्मभूमी प्रत्यक्ष पाहण्याचा योग फार थोड्या वैद्यांना येतो. बाळगुटीतील अतिविषाची कळी महाराष्ट्रात घरोघरी सहाणेवर उगाळली जाते. आरोग्यवर्धिनीत कुटकी इतर सर्व द्रव्यांच्या बरोबरीने पडते. जटामांसीवाचून आपली कितीतरी तैले पूर्ण होत नाहीत. ही तिन्ही द्रव्ये आपल्याला भेटतात ती काष्ठौषधींच्या दुकानात, गोणीतून. त्यांचा बाजारभाव आपल्याला ठाऊक असतो. त्यांचे पान, फूल, माती आणि उंची मात्र ठाऊक नसते.

ही उणीव भरून काढण्यास उत्तराखंडातील भ्युंडार खोरे आणि त्यातील ‘फुलांची दरी’ हे अत्यंत सोयीचे स्थान आहे. येथील पाऊलवाट चांगली बांधलेली आहे, मुक्कामाची व्यवस्था आहे, आणि सामान्य प्रकृतीच्या माणसाला चार-पाच दिवसांत सखल वनांपासून हिमरेषेलगतच्या कुरणांपर्यंतच्या वनस्पतींचे सर्व थर पायी पाहता येतात. या वाटेची माहिती देणे, वाटेवरील खुणा वैद्याच्या दृष्टीने दाखवणे आणि या भूमीशी आपल्या खरेदीचा जो संबंध पोहोचतो तो मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खोऱ्याचा परिचय

चमोली जिल्ह्यात अलकनंदेच्या डाव्या अंगाला हे खोरे आहे. टिपरा हिमनदीतून निघणारी पुष्पवती नदी दरीच्या मध्यातून वाहते. हेमकुंडाकडून उतरणारा प्रवाह घांघरियाजवळ तिला मिळतो, आणि हा एकत्रित प्रवाह लक्ष्मणगंगा या नावाने गोविंदघाट येथे अलकनंदेत विलीन होतो. फुलांची दरी सुमारे ८ कि.मी. लांब आणि २ कि.मी. रुंद आहे. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. उद्यानाचे क्षेत्रफळ ८७.५ चौ. कि.मी. आहे. शेजारच्या नंदादेवी उद्यानाचा समावेश युनेस्कोने १९८८ मध्ये जागतिक वारशात केला होता. २००५ मध्ये त्याचाच विस्तार म्हणून फुलांच्या दरीलाही तो मान मिळाला.

बाहेरच्या जगाला या दरीची ओळख झाली ती गिर्यारोहकांमुळे. १९३१ मध्ये कामेत शिखरावर यशस्वी चढाई करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सहकारी भ्युंडार खिंड ओलांडून पावसाळ्यात या दरीत उतरले. तेथील फुलांनी स्माइथ इतका भारावला की १९३७ मध्ये तो केवळ वनस्पती आणि बिया गोळा करण्यासाठी पुन्हा आला आणि १९३८ मध्ये त्याने या दरीवर पुस्तक प्रसिद्ध केले. ते वाचून १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही इंग्रज वनस्पतिप्रेमी स्त्री येथे आली. वनस्पती गोळा करीत असताना कड्यावरून घसरून तिचा मृत्यू झाला. तिची समाधी आजही दरीत आहे.

अर्थात ‘शोध’ हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. भ्युंडार आणि पुलना येथील ग्रामस्थ, तसेच उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन येणारे पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या या दरीत वावरत होते. येथील सुमारे ४५ औषधी वनस्पती स्थानिक ग्रामस्थांच्या उपयोगात असल्याची नोंद युनेस्कोच्या कागदपत्रांत आहे.

ऋषिकेश ते घांघरिया

ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० कि.मी. असून या प्रवासाला मोटारीने पूर्ण दिवस लागतो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग हे संगम या मार्गावर लागतात. वैद्याने या प्रवासात दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. पहिले श्रीनगर गढवाल येथील विद्यापीठाचे उच्चशिखरीय वनस्पती संशोधन केंद्र. दुसरे गोपेश्वरजवळ मंडल येथील जडीबुटी शोध एवं विकास संस्थान. अतिविष, कुटकी, कुष्ठ, जटामांसी यांच्या रोपवाटिका आणि लागवडीच्या पद्धती हा या संस्थांच्या कामाचा विषय आहे. दरीत जाण्यापूर्वी रोपवाटिकेत ही रोपे जवळून पाहून घेतली, तर पुढे कुरणात ती ओळखणे सुलभ होते.

जोशीमठ गावाला २०२४ पासून अधिकृतपणे ज्योतिर्मठ म्हटले जाते. जानेवारी २०२३ मध्ये येथील घरांना आणि रस्त्यांना जमीन खचल्यामुळे तडे गेल्याचे वाचकांना आठवत असेल. या डोंगरांची माती किती अस्थिर आहे, याची ती खूण आहे. जोशीमठापासून गोविंदघाट सुमारे २० कि.मी. आहे. तेथून पुलना गावापर्यंत सुमारे ४ कि.मी. वाहनरस्ता असून पुढे घांघरियापर्यंत सुमारे १० कि.मी. पायी, अथवा खेचरावरून जावे लागते.

जून २०१३ च्या महापुराने या वाटेचा मोठा भाग आणि भ्युंडार गावातील अनेक घरे वाहून नेली. नंतर वाट नव्याने बांधण्यात आली. लक्ष्मणगंगेच्या पात्रात पडलेले घराएवढे दगड पाहिले म्हणजे त्या पुराच्या जोराची कल्पना येते.

पुलना ते घांघरिया ही चढण वैद्याने सावकाश चढावी. प्रारंभी अक्रोड आणि पांगर यांची मिश्र वने लागतात, पुढे देवदार आणि तालीसवर्गातील सूचिपर्णी वृक्ष सुरू होतात. वाटेलगतच्या ओलसर खडकांच्या भेगांत जाड, गोल पानांचा पाषाणभेद दिसू लागतो. दगड फोडून उगवल्यासारखा भासणारा हा क्षुप पाहिल्यावर त्याच्या नावाची सार्थकता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बंगालमध्ये पानओव्याला आणि दक्षिणेत एर्वा लॅनाटाला पाषाणभेद म्हणण्याचा प्रघात आहे. आयुर्वेदीय फार्माकोपियाने मात्र बर्जेनियाचे मूलस्तंभच स्वीकारले आहे.

घांघरिया सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे. आजूबाजूच्या वनात फर आणि थुनेर हे दोन्ही वृक्ष शेजारी उभे असतात. तालीसपत्र म्हणून फार्माकोपियात फरची, म्हणजे एबिस वेबियानाची पाने सांगितली आहेत. तथापि बाजारात कित्येकदा थुनेरची, म्हणजे टॅक्सस वॉलिचियानाची पाने त्याच नावाने येतात. थुनेरमध्ये विषारी अल्कलॉइड असतात. शिवाय कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या मागणीमुळे हिमालयातील थुनेरची मोठी हानी झाली. घांघरियात दोन्ही पाने हातात न तोडता, फांदीवरच न्याहाळली तरी भेद कळतो. फरच्या पानाचे टोक बोथट किंवा दुभंगलेले असते आणि खालच्या बाजूस दोन पांढरट रेषा असतात. थुनेरचे पान टोकाशी अणकुचीदार असते आणि त्याची खालची बाजू फिकट हिरवी असते.

दरीत प्रवेश

घांघरियाच्या पुढे वाट दुभंगते. उजवीकडची हेमकुंडाकडे चढते, डावीकडची फुलांच्या दरीकडे जाते. वनखात्याच्या चौकीवर नोंद करून शुल्क भरावे लागते. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते. दरीत मुक्काम करण्यास परवानगी नाही. दुपारनंतर प्रवेश मिळत नाही आणि संध्याकाळच्या आत परतावे लागते. म्हणून पहाटे निघणे इष्ट.

पुष्पवतीवरील पूल ओलांडल्यावर वाट तीव्र चढाने भूर्जवनातून जाते. ज्यांच्या सालीवर आपल्या अनेक संहिता एके काळी लिहिल्या गेल्या, ते भूर्जवृक्ष येथे वाऱ्यावर सालीचे पापुद्रे हलवीत उभे असतात. भूर्जवन संपते तेथे वृक्षांची मर्यादाही संपते. पुढे झुकलेल्या खडकाचे बामणधौड हे ठिकाण ओलांडले की दरी एकदम उघडते. समोर, दरीच्या माथ्याशी रतबन शिखर. एका अंगाला नीलगिरी पर्वत, ज्यावर स्माइथने १९३७ मध्ये चढाई केली. खाली पुष्पवतीचे पात्र. आणि मध्ये दोन्ही बाजूंनी उतरत आलेली कुरणे. अशा कुरणांना गढवालमध्ये ‘बुग्याल’ म्हणतात. वाट पुढे ओढे ओलांडीत लेगच्या समाधीकडे आणि तेथून नदीकाठापर्यंत जाते. त्यापुढचा टिपरा हिमनदीचा प्रदेश लांबूनच पाहावा.

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ही भूमी बर्फाखाली असते. जूनमध्ये बर्फ वितळताच प्रिम्युला आणि अ‍ॅनिमोनी फुलतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बहराचा परमोच्च काळ असतो. गुलाबी तेरडे, निळसर जिरेनियम, पिवळे पोटेन्टिला, नदीकाठचे एपिलोबियम आणि खडकांच्या आडोशाला काटेरी देठांची निळी खसखस, म्हणजे मेकोनोप्सिस, असा हा क्रम लागतो. सप्टेंबरमध्ये निळे-जांभळे वत्सनाभवर्गीय क्षुप फुलून बी धरू लागतात आणि ऑक्टोबरमध्ये सारे कुरण तांबूस होऊन वाळते. म्हणजे वर्षातील जेमतेम चार-पाच महिनेच येथील वनस्पतीला वाढीसाठी मिळतात. येथील मुळी विकण्याजोगी होण्यास अनेक वर्षे का लागतात, याचे उत्तर या एकाच गोष्टीत आहे.

पाहण्याजोगी काही द्रव्ये

अतिविष (अ‍ॅकोनिटम हेटेरोफायलम) : या क्षुपाची देठाजवळची खालची पाने आणि वरची पाने आकाराने भिन्न असतात, त्यावरूनच त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे. फुले फिकट निळसर-हिरवट असून त्यांवर जांभळ्या रेषा असतात. मुळे जोडकंदाची असतात. जुन्या कंदाशेजारी पुढील वर्षाचा कंद तयार होतो, आणि खणणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही येतात. याच दरीत त्याच वर्गातील अ‍ॅकोनिटम बाल्फोरी हे अत्यंत विषारी क्षुपही उगवते. अस्सल अतिविष कडू असते, परंतु त्याने जिभेस मुंग्या अथवा बधिरता येत नाही. वत्सनाभवर्गातील विषारी मुळांनी ती येते. बालकांना द्यावयाच्या द्रव्यात अशी भेसळ झाली तर परिणाम काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून केवळ चवीवर विसंबून न राहता प्रत्येक लॉटची सूक्ष्मदर्शक आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफी परीक्षा होणे अगत्याचे आहे.

कुटकी (पिक्रोऱ्हायझा कुरोआ) : ओलसर खडकाळ उतारांवर जमिनीलगत पसरणारे हे क्षुप आहे. त्याचा मूलस्तंभ आडवा सरकत जातो. खणताना त्याचा काही भाग जमिनीत राहू दिला तर ते पुन्हा वाढते. संपूर्ण उपटले तर तो तुकडा मोकळा होतो. बाजारातील कुटकीत जेन्शियाना कुरूची मुळे मिसळलेली आढळतात.

जटामांसी (नार्डोस्टॅकिस जटामांसी) : तंतुमय जटांनी वेढलेला हिचा मूलस्तंभ अतिशय मंद गतीने वाढतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ही वनस्पती ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. अतिविष त्याच यादीत ‘संकटग्रस्त’ आहे.

हत्ताजडी किंवा सालमपंजा (डॅक्टिलोऱ्हायझा हतागिरिया) : पंजाच्या आकाराच्या कंदाचे हे आमर वर्गातील क्षुप आहे. जांभळ्या फुलांच्या तुऱ्यामुळे ते कुरणात चटकन नजरेस येते आणि म्हणूनच उपटलेही जाते. २०२२ मध्ये तेही संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले.

ब्रह्मकमळ (सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा) : हे उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. ते पाहण्यासाठी हेमकुंडाची वाट धरावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वरच्या खडकाळ उतारांवर त्याचे कागदासारख्या पिवळट पारदर्शक पुष्पकोशांचे झुबके दिसतात. नंदादेवीच्या पूजेत त्याला स्थान आहे. आपल्याकडे गच्चीवर कुंडीत रात्री फुलणारे जे ‘ब्रह्मकमळ’ कौतुकाने दाखवले जाते, ते मूळचे अमेरिका खंडातील निवडुंगवर्गीय झाड होय. एकाच नावाखाली दोन वनस्पतींचा असा घोळ झाल्यावर ग्रंथोक्त गुण कोणत्या वनस्पतीला लावायचे, हा प्रश्न संदिग्ध द्रव्यांच्या बाबतीत नेहमीच उभा राहतो. जन्मभूमीचे दर्शन हे त्यावरील सर्वांत साधे औषध आहे.

अष्टवर्गाचा उल्लेखही येथे करावयास हवा. ही द्रव्ये राजांनाही दुर्लभ आहेत असे सोळाव्या शतकात भावमिश्राने लिहून ठेवले आणि मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद असे प्रतिनिधी सांगितले. त्याच परंपरेत अतिविषाच्या अभावी मुस्ता सांगितली आहे. द्रव्य दुर्मिळ होते तेव्हा वैद्याने काय करावे, याचा विचार आपल्या आचार्यांनी किती व्यवहार्यपणे केला होता, हे यावरून दिसते.

अजपालांचे ज्ञान

वनात हिंडणारे अजपाल, गोपाल आणि अन्य वनवासी औषधींची नावे व रूपे जाणतात, असे चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. सुश्रुतानेही द्रव्यज्ञानासाठी गोपाल, तापस, व्याध यांना विचारण्यास सांगितले आहे. नाव आणि रूप त्यांच्याकडून घ्यावे आणि योग वैद्याने जाणावा, अशी ही विभागणी आहे. भ्युंडार खोऱ्यात या वचनाचा आजच्या काळाशी विलक्षण संबंध येतो.

उद्यान झाल्यानंतर १९८३ पासून दरीत चराई बंद करण्यात आली. मेंढपाळांची ये-जा थांबली. त्यानंतर ‘अमेला’ नावाने ओळखली जाणारी पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही उंच वाढणारी वनस्पती दरीत झपाट्याने पसरली आणि तिच्या सावलीत लहान क्षुपे दबू लागली. चराई बंद झाल्यानेच हे घडले असे काही अभ्यासकांचे मत. उलट चराईने आणि तळ ठोकण्याने जमिनीची आधी झालेली हानीच याला कारण, असे इतरांचे मत. वनखाते दरवर्षी ही वनस्पती उपटण्याची मोहीम काढते. या वादात कोणाचाही पक्ष घेतला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या लोकांकडून नाव-रूपाचे ज्ञान घ्यावे असे चरकाने सांगितले, त्या लोकांचा या भूमीशी असलेला रोजचा संबंध तुटला, आणि त्यांच्या पुढच्या पिढीचे ज्ञान आता खेचर हाकण्यात आणि घांघरियातील हॉटेलांत विरत चालले आहे. दरीत जाणाऱ्या वैद्याने भ्युंडार अथवा पुलना गावचा जाणता वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा, आणि त्याच्याकडून स्थानिक नावे आवर्जून लिहून घ्यावीत.

आमची खरेदी आणि बुग्याल

फुलांच्या दरीला कायद्याचे संरक्षण आहे. तेथून पानही तोडता येत नाही. परंतु आपल्या गोणीतील माल या दरीतून येत नसला, तरी तो अशाच, मात्र संरक्षण नसलेल्या बुग्यालांतून येतो. तो माल मध्यस्थांच्या हातून मैदानी मंडयांत, दिल्लीच्या खारी बावलीत किंवा अमृतसरच्या मजीठ मंडीत आणि तेथून आपल्या व्यापाऱ्याकडे पोहोचतो. या साखळीत उगमाची नोंद कोठेतरी गळून पडते. शेवटच्या टोकाला, आपल्या फार्मसीच्या दाराशी, केवळ नाव आणि भाव एवढेच येऊन पोहोचतात.

संग्रहाच्या काळाचा विचार केल्यास हानी अधिक स्पष्ट होते. चरकाने कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर घ्यावीत असे सांगितले आहे. उंच बुग्यालांत शिशिरात सर्वत्र बर्फ असते. तेथे पाने वाळून गळण्याचा काळ सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये येतो. म्हणजे ऋतूचे नाव बदलले तरी तत्त्व तेच राहते : पान वाळावे, बी गळावे, मग मूळ घ्यावे. व्यवहारात मात्र दुसरा कोणी आधी खणून नेईल या भीतीने जुलै-ऑगस्टमध्येच खणणी होते. तेव्हा वनस्पतीला फुले असतात, बी तयार झालेले नसते. त्यामुळे मूळही कमअस्सल मिळते आणि पुढची पिढीही संपते. शास्त्रोक्त संग्रह आणि वनस्पतीचे रक्षण यांत येथे कोणताही विरोध नाही.

कायद्याच्या बाबीही फार्मसीचालकांनी लक्षात घ्याव्यात. कुटकी, जटामांसी, थुनेर, बनककडी ही द्रव्ये सायटिस करारातील दुसऱ्या परिशिष्टात असून कुष्ठ पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आहेत. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. कच्च्या मालाच्या लाभातील वाटा स्थानिक समाजाला देण्याचे बंधन भारतीय कंपन्यांवरही असल्याचा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्य, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सवलती दिल्या. लागवडीच्या मालाला मात्र उगमाचे प्रमाणपत्र लागते. थोडक्यात, शेतातला माल घेणे आता केवळ नीतीचे नव्हे, तर व्यवहाराच्या दृष्टीनेही सोपे झाले आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या सदस्यांनी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते.

१) अतिविष, कुटकी, जटामांसी आणि कुष्ठ यांच्या खरेदीत व्यापाऱ्याकडे उगमाचा लेखी पुरावा मागावा आणि तो शेड्यूल टीनुसार ठेवावयाच्या कच्च्या मालाच्या नोंदीस जोडावा.

२) लागवडीचा माल पसंत करावा. चमोली जिल्ह्यात घेससारख्या गावांतील शेतकरी कुटकीची लागवड करतात. अशा शेतकऱ्यांच्या गटांशी अनेक लहान फार्मसींनी एकत्र येऊन थेट करार केल्यास दोघांचाही लाभ आहे. कुटकीचे पीक हाती येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात; म्हणून खरेदीची हमी आधी द्यावी लागते. आज मागणी नोंदवून उद्या माल मागणारा ग्राहक शेतकऱ्याला उपयोगाचा नाही. त्याची गरज शेवटी रानातला मालच भागवतो.

३) अस्सल द्रव्य अशक्य भावात स्वस्त मिळत असेल, तर ते भेसळीचे अथवा चोरून खणलेले असण्याची शक्यता गृहीत धरावी.

४) शास्त्रसंमत प्रतिनिधी द्रव्यांचा चिकित्सेत विचारपूर्वक उपयोग करावा आणि त्याचे अनुभव नोंदवून या अंकातून प्रसिद्ध करावेत. जेथे मुस्तेने कार्य होते, तेथे अतिविष खर्ची घालण्याचे कारण नाही.

पदयात्रींसाठी सूचना

घांघरियाला पोहोचताच दुसऱ्या दिवशी हेमकुंड गाठण्याची घाई करू नये. हेमकुंड चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर असून घांघरियापासून सुमारे ६ कि.मी. अंतरात ही सारी उंची चढावी लागते. पहिल्या दिवशी फुलांची दरी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड, असा क्रम ठेवल्यास शरीर उंचीला सरावते. डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश ही विरळ हवेची प्रारंभिक लक्षणे असल्याने ती दिसताच पुढे चढू नये. तोल जाणे, भ्रम होणे अथवा विश्रांतीतही धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास त्वरित खाली उतरणे हाच खरा उपचार होय. औषधांच्या भरवशावर वर थांबू नये. हृद्रोगी, श्वासरोगी आणि अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णांना यात्रेची अनुमती देताना हे ध्यानात घ्यावे. ऑगस्टमध्ये बहर उत्तम असतो, पण दरडींचा धोकाही अधिक असतो. म्हणून परतीच्या प्रवासात दोन दिवस हाती राखून ठेवावेत.

दरीत वाट सोडून कुरणात शिरू नये; एका पावलाखाली चिरडलेल्या रोपाला पुन्हा उभे राहण्यास पूर्ण वर्ष लागते. नमुने छायाचित्रांतूनच घ्यावेत. आपल्या सोबत नेलेले प्लॅस्टिक आपणच परत आणावे. बुग्यालांत रात्रीचा मुक्काम करण्यास उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मनाई केली, ती या हानीच्या अनुभवातूनच. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड या १२.४ कि.मी. लांबीच्या रज्जुमार्गाला मान्यता दिली आहे. तो झाल्यावर वृद्ध यात्रिकांची सोय होईल, हे खरे. परंतु या उंचीवर येणाऱ्यांची संख्याही वाढेल. या भूमीचे मोल जाणणाऱ्यांनी तेथे कसे वागावे याचा आदर्श वैद्यांनीच घालून द्यावयास हवा.

आयुर्वेद महाविद्यालयांनी द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी सदस्यांसाठी, जुलै-ऑगस्टमध्ये अशी अभ्याससहल आखावी. तिच्यात श्रीनगर आणि मंडल येथील रोपवाटिका, भ्युंडारच्या ग्रामस्थांशी संवाद आणि लागवड करणाऱ्या एखाद्या गावाची भेट यांचा समावेश असावा. सहलीहून परतणाऱ्या प्रत्येक फार्मसीचालकाने एखाद्या एका द्रव्यापुरता तरी लागवडीच्या मालाचा करार केला, तर त्या सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.